खोक्यावरची फळे

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नये, हा आपल्या वाडवडिलांनी घालून दिलेला रिवाज आहे. पूर्वी त्या हातात वाडीतल्या वेलची केळ्यांची फणी असे, परसातले चार पेरू असत, मोसम असला तर जाम किंवा चिकू असत. दूरच्या नातलगाकडे जायचे झाल्यास सुकेळ्यांचा पुडा आठवणीने घेतला जाई. आज त्याच हातात एक रंगीत कागदी खोका असतो. खोक्यावर अर्धे चिरलेले संत्रे, त्याच्या फोडीवर दवबिंदू, बाजूला हिरवेगार पान. देणारा समाधानाने देतो, घेणारा कृतज्ञतेने घेतो, आणि दोघांचीही अशी प्रामाणिक समजूत असते की फळ दिले आणि फळ घेतले.

ही समजूत चुकीची आहे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. खोक्यातला रस फळाची जागा घेऊ शकत नाही. पोषणाच्या दृष्टीने तो फळापेक्षा बाटलीतल्या गोड शीतपेयाला अधिक जवळचा आहे. तरीही आपण तो औषधाप्रमाणे आजाऱ्याच्या उशाशी ठेवतो आणि आशीर्वादाप्रमाणे बालकाच्या हाती देतो. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याचा सोहळा असो, धर्मशिक्षण वर्गाची सहल असो किंवा सणाच्या दिवशी मंडपातला अल्पोपाहार असो, “मुलांना कोला नको, ज्यूस द्या” असे सांगणारे पालक आपल्यात सुज्ञ समजले जातात. त्यांच्या हेतूविषयी मला आदर आहे. परंतु हेतू चांगला असला म्हणून खोक्यातली साखर कमी होत नाही.

नावांचा घोळ

दुकानात आपण ज्याला सरसकट ‘ज्यूस’ म्हणतो, त्याला कायद्याच्या पुस्तकात निरनिराळी नावे आहेत आणि प्रत्येक नावाचा अर्थ वेगळा आहे. ‘फ्रूट ज्यूस’ म्हणजे फळाचा रस. ‘नेक्टर’ म्हणजे रस किंवा गर, त्यात पाणी आणि बहुधा साखर. आणि ‘फ्रूट ड्रिंक’, ‘फ्रूट बेव्हरेज’ किंवा ‘रेडी टू सर्व्ह’ म्हणजे असे पेय, की ज्यात फळाचा रस निदान १० टक्के असला म्हणजे कायद्याचे समाधान होते. लिंबाच्या पेयाला तर ५ टक्के पुरतात. उरलेले काय असते? पाणी, साखर, आम्ल, सुगंध आणि रंग.

या १० टक्क्यांचा हिशेब स्वयंपाकघरातल्या मापाने करून पाहावा. २०० मिलिलिटरच्या खोक्यात १० टक्के म्हणजे २० मिलिलिटर रस, म्हणजेच चहाचे चार चमचे. चार चमचे रसासाठी खोक्याच्या दर्शनी बाजूवर अख्खे फळ छापलेले असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहारविषयक मार्गदर्शक सूचना नव्याने प्रसिद्ध केल्या. त्या वेळी पाकीटबंद फळरसात फळाचा गर अवघा १० टक्के असू शकतो, तेव्हा लेबल वाचून मगच वस्तू घ्यावी, असा इशारा संस्थेने लोकांना दिला होता. इशारा देणारी ही संस्था सरकारी आहे, आणि तिला कोणाचे दुकान चालवायचे नाही.

नाताळात पाहुण्यांपुढे फराळाबरोबर जो ‘स्क्वॅश’ आपण हौसेने ठेवतो, त्याचीही गोष्ट वेगळी नाही. स्क्वॅशमध्ये फळाचा अंश निदान २५ टक्के आणि विरघळलेले घन पदार्थ निदान ४० टक्के असावेत, असा दंडक आहे. हे घन पदार्थ बहुतांशी साखरच असतात. एक भाग स्क्वॅशमध्ये तीन भाग पाणी घातले की पेल्यात फळाचा अंश सहा टक्क्यांच्या आसपास उरतो. वर्षातून एकदा सणाला तो प्यायला म्हणून काही बिघडत नाही. मात्र त्याला संत्र्याचा रस म्हणू नये. ते संत्र्याच्या वासाचे साखरपाणी आहे.

पाणी काढायचे, पाणी घालायचे

“आमच्या घरी तसले ड्रिंक येत नाही, आम्ही अस्सल ज्यूसच आणतो,” असे सांगणारी मंडळीही आहेत. त्यांनी हा अस्सल रस कसा तयार होतो तेही समजून घ्यावे.

फळ कारखान्यात पिळले जाते. साल, चोथा आणि बिया बाजूला पडतात. रस निर्वात पात्रात तापवून त्यातले पाणी उडवले जाते. सुमारे साडेपाच किलो संत्र्याच्या रसातून किलोभर अर्क उरतो, काकवीसारखा दाट. रस असा आटवताना त्याचा सुवासही वाफेबरोबर निघून जातो, म्हणून तो वेगळा धरून ठेवावा लागतो. हा अर्क पिंपांतून देशोदेशी जातो. ज्या गावी खोके भरायचे असतात त्या गावी त्यात पुन्हा पाणी घातले जाते, सुवास परत मिसळला जातो, मिश्रण क्षणभर कडक तापवून निर्जंतुक केले जाते आणि खोक्यात भरले जाते. अर्क करण्याची ही विद्या १९४०च्या दशकात अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, संत्र्याच्या रसावर काम करताना विकसित झाली. साठवण आणि वाहतूक यांच्या दृष्टीने ती निःसंशय कौतुकास्पद आहे. पण वाहतुकीची सोय हा काही पोषणाचा गुण नव्हे.

अशा पुनर्मिश्रित रसावर वर्षानुवर्षे ‘१०० टक्के फळांचा रस’ असे ठळक अक्षरांत छापले जात होते. अखेर जून २०२४ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने आदेश काढला, की अर्कात पाणी घालून केलेल्या रसाच्या वेष्टनावरून आणि जाहिरातींतून हा दावा काढून टाकावा. ज्या रसात वरून घातलेली साखर किलोमागे १५ ग्रॅमहून अधिक असेल, त्यावर ‘गोड केलेला रस’ असे लिहिले गेले पाहिजे, याचीही आठवण त्या आदेशात होती. आदेशाविरुद्ध एका मोठ्या कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. न्यायालयाचे काम न्यायालय करील. आपण एवढेच ध्यानात घ्यावे, की ज्या तीन शब्दांवर विसंबून घरोघरी खोके आले, त्या शब्दांना देशाच्या अन्न प्राधिकरणानेच आक्षेप घेतला.

साखरेचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. समजा, खोक्यात खरोखरच शंभर टक्के रस आहे आणि वरून साखरेचा कणही घातलेला नाही. तरी त्यात काय आहे?

संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या निव्वळ रसात १०० मिलिलिटरमागे साधारण १० ग्रॅम साखर असते. द्राक्षाच्या रसात ती १४ ग्रॅमच्या आसपास जाते. आणि ज्या कोलाला आपण मुलांपासून दूर ठेवतो, त्या कोलात? १०० मिलिलिटरमागे सुमारे साडेदहा ग्रॅम. म्हणजे साखरेच्या तराजूत कोला आणि रस जवळजवळ समतोल आहेत, आणि द्राक्षाच्या रसाचे पारडे तर कोलाहूनही जड आहे. २०० मिलिलिटरचा एक खोका म्हणजे सुमारे २० ग्रॅम, अर्थात चार चमचे साखर. चहाच्या कपात चार चमचे साखर घालणाऱ्या सुनेला सासूबाई दोन शब्द सुनावल्याशिवाय राहणार नाहीत. त्याच सासूबाई नातवाच्या हाती खोका ठेवून त्याच्या गालावरून हात फिरवतात.

यावर कोणी म्हणेल, “पण फादर, ती फळातली साखर आहे, नैसर्गिक आहे.” हा युक्तिवाद मी इतक्या घरांतून ऐकला आहे की त्याचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे.

फळातली साखर पेशींच्या भिंतीआड असते. त्या भिंती चोथ्याच्या बनलेल्या असतात. आपण फळ चावतो, गिळतो, आतड्यात त्या भिंती हळूहळू फुटतात आणि साखर बेताबेताने रक्तात उतरते. फळ पिळले की भिंती फुटतात, चोथा गाळणीवर राहतो आणि साखर मोकळी होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांत साखरेचे दोन वर्ग केले. अख्ख्या फळातली साखर एका बाजूला. दुसऱ्या बाजूला ‘मुक्त साखर’, तिच्यात डब्यातली पांढरी साखर येते, मध येतो, पाक येतो आणि फळांचे रस व त्यांचे अर्कही येतात. साखर मुळात कोणत्या झाडाची, हा प्रश्न संघटनेने गौण मानला.

मुक्त साखरेपासून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी, आणि शक्य तर ५ टक्क्यांहून कमी उष्मांक मिळावेत, असे संघटना सांगते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला १३५० ते १४०० कॅलरी लागतात. त्याचे ५ टक्के म्हणजे सतरा ग्रॅमच्या आसपास साखर. एक खोका २० ग्रॅमचा. म्हणजे बिस्किटे, चहा, जॅम, वाढदिवसाचा केक यांपैकी काहीही पोटात जाण्यापूर्वीच त्या बालकाचा दिवसाचा वाटा संपला!

चोथ्याचा हिशेबही पाहू. १०० ग्रॅम संत्र्यात सुमारे सव्वादोन ते अडीच ग्रॅम चोथा असतो. तेवढ्याच रसात तो नाममात्र उरतो. पेरूत तर १०० ग्रॅममागे पाच ग्रॅमहून अधिक चोथा असतो. गंमत अशी, की कारखान्यात बाजूला काढलेला चोथा वाया जात नाही. त्याचे गुरांचे खाद्य होते, आणि संत्र्या-लिंबाच्या सालीतून व सफरचंदाच्या चोथ्यातून पेक्टिन नावाचा पदार्थ काढतात. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत ‘स्थिरक ४४०’ असे काही छापलेले आढळते, ते हे पेक्टिन. चोथा गुरांना मिळतो, त्यातली चिमूटभर पूड दाटपणासाठी रसात येते आणि मुलाच्या वाट्याला साखर उरते.

अकरा पट वेग

१९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील संशोधकांचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा निरोगी माणसांना एकदा अख्खी सफरचंदे, एकदा सफरचंदांचा लगदा आणि एकदा सफरचंदांचा रस देण्यात आला. साखर तिन्ही वेळा सारखीच होती. रस अख्ख्या फळाच्या अकरा पट वेगाने संपला. पोट भरल्याची जाणीव अख्ख्या फळाने सर्वांत जास्त दिली, लगद्याने त्याहून कमी आणि रसाने सर्वांत कमी. रस घेतल्यावर रक्तातले इन्सुलिन अधिक चढले आणि त्यामागोमाग साखर खाली घसरली, तसे अख्ख्या फळाने झाले नाही.

कोणत्याही आईला यात नवल वाटणार नाही. तीन मोसंबी एका बैठकीत खाणारे मूल विरळाच. परंतु तीन मोसंब्यांचा रस ते दोन मिनिटांत संपवते आणि अर्ध्या तासाने पुन्हा भूक लागली म्हणून पदर ओढते. दात, जीभ आणि जठर ही शरीराची वेस आहे. रस त्या वेशीवर न थांबता आत शिरतो.

२०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा अभ्यास आला. सुमारे १ लाख ८७ हजार आरोग्यसेवकांच्या आहाराची वर्षानुवर्षे ठेवलेली नोंद त्यामागे होती. द्राक्षे, सफरचंदे, ब्लूबेरी यांसारखी अख्खी फळे खाणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले. फळांचा रस अधिक पिणाऱ्यांत ते वाढलेले आढळले. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, हे खरे. पण फळ एका दिशेला आणि त्याच फळाचा रस विरुद्ध दिशेला बोट दाखवतो, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

आपल्या घराची परिस्थिती याहून बिकट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद घेऊन मी घरोघरी जातो, तेव्हा ही आकडेवारी मला वाचावी लागत नाही. खाटेशेजारच्या टेबलावर ती मांडलेली असते. एका बाजूला रक्तातली साखर मोजण्याचे यंत्र, गोळ्यांची पाकिटे, आणि दुसऱ्या बाजूला भेटीला आलेल्यांनी आणलेले रसाचे खोके, एकावर एक रचलेले. आजारी आजी म्हणते, “एवढ्या प्रेमाने आणलंय, टाकायचं कसं?” आणि पिते.

त्याच खाटेवरचा एक अनुभव डॉक्टर सांगतात, तो या वादाचा निकाल लावतो. मधुमेही माणसाची साखर एकाएकी खाली गेली, त्याला घाम फुटला, हात थरथरू लागले, तर सुमारे १५ ग्रॅम साखर तत्काळ पोटात जाईल असे काही द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, असा वैद्यकशास्त्राचा नियम आहे. त्यासाठी सुचवलेल्या पदार्थांत साखरेचे पाणी आहे, ग्लुकोज आहे आणि अर्धा कप फळांचा रसही आहे. का? कारण तो रक्तातली साखर झटकन चढवतो. त्या आणीबाणीच्या क्षणी रस खरोखर औषध आहे. मग तोच रस, साखर आधीच चढलेल्या माणसाला रोज सकाळी शक्तिवर्धक म्हणून पाजायचा, याला काय म्हणावे?

मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रस्त असलेल्यांच्या बाबतीत सावधगिरी आणखी हवी. संत्र्याच्या रसात पोटॅशियम भरपूर असते. निरोगी माणसाला ते हितकारक आहे. ज्याचे मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही, त्याच्या हृदयाला ते घातक ठरू शकते. शहाळ्याचीही तीच गोष्ट. डायलिसिसवर असलेल्या माणसाला भेटायला जाताना काय न्यावे, हे आधी त्याच्या घरच्यांना विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

काही आक्षेप

“ज्यूसमध्ये क जीवनसत्त्व असते,” हा पहिला आक्षेप. असते, आणि नसले तर कारखाना ते वरून घालतो. पण प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते, असे आपल्याकडची वैद्यकीय परिषद सांगते. १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमहून अधिक असते. अर्ध्या पेरूत दिवसाची गरज भागते. त्यासाठी चार चमचे साखर पिण्याचे कारण नाही.

“वरून साखर घातलेली नाही असे खोक्यावरच लिहिले आहे,” हा दुसरा. वाक्य खरे असेल. वर सांगितलेले २० ग्रॅम हे वरून न घातलेल्या साखरेचेच आहेत.

“गाडीवरचा रस अस्वच्छ असतो, त्यापेक्षा खोका बरा,” हा तिसरा. जंतूंच्या दृष्टीने हे मान्य केलेच पाहिजे. अशुद्ध पाणी आणि बर्फ यांमुळे कावीळ आणि विषमज्वर होतात. पण निवड या दोन रसांतच करायची, असे कोणी सांगितले? केळ्याला देवाने दिलेले वेष्टन कोणत्याही कारखान्याच्या खोक्याहून सोयीचे आहे. ते धुवावे लागत नाही, त्याला नळी लागत नाही आणि सोललेले साल मातीत मिसळून जाते.

“म्हाताऱ्यांना दात नाहीत, ते फळ कसे खाणार?” हा चौथा आक्षेप मात्र रास्त आहे, आणि त्याचे उत्तर उपदेशाने न देता हाताने दिले पाहिजे. पिकलेली पपई चमच्याने कुस्करावी, केळे कुस्करावे, चिकूचा गर काढावा, सफरचंद वाफवावे. यात चोथा शाबूत राहतो. मात्र यासाठी कोणीतरी दहा मिनिटे खाटेशी बसावे लागते. खोका नळी खुपसून हाती दिला की ती दहा मिनिटे वाचतात. मला वाटते, खोक्याच्या लोकप्रियतेचे खरे कारण येथे आहे. त्याने आपले पैसे वाचले नाहीत, आपला वेळ वाचला, आणि तो वेळ आजाऱ्याच्या वाट्याचा होता.

लहान मुलांविषयी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ साली स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. दोन वर्षांखालील बाळाला फळांचा रस देऊच नये. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला १२५ मिलिलिटरच्या वर नको, आणि त्यापुढे अठराव्या वर्षापर्यंत २५० मिलिलिटरच्या वर नको. ही कमाल मर्यादा आहे, ती गाठण्याची सक्ती नव्हे. घरी काढलेल्या रसालाही हा नियम लागू आहे. आईच्या हाताने पिळले म्हणून चोथा रसात परत येत नाही.

रस पिण्याची ही सवय आली कोठून?

माणसाने फळ खाण्याऐवजी प्यावे, ही कल्पना शरीराच्या गरजेतून निघालेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात संत्र्यांचे पीक मागणीपेक्षा अधिक येऊ लागले. एका बैठकीत माणूस एखादे संत्रे खातो, पण पेलाभर रसाला दोन-तीन संत्री लागतात. १९१६च्या सुमारास तेथील बागायतदारांच्या संघाने संत्रे खाण्याऐवजी प्यावे अशी जाहिरातमोहीम काढली. पिळण्याची यंत्रेही घरोघरी पोचवली. पुढच्या पिढीला सकाळच्या न्याहारीबरोबरचा रस हा आरोग्याचा सनातन नियम वाटू लागला. बागायतदारांनी आपले पीक खपवले, यात पाप नाही. वसईच्या बागायतदारालाही केळी खपवायचीच होती. फरक एवढाच की आपण त्यांच्या विक्रीच्या युक्तीला आपले आहारशास्त्र समजून बसलो.

बाटलीबंद रसाचा इतिहास त्याहूनही मागे जातो, आणि तो आपल्या वेदीशी निगडित आहे. १८६९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या व्हाइनलँड गावी थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने पाश्चरची रीत वापरून द्राक्षांचा रस तापवला आणि तो आंबू न देता बाटलीत टिकवून दाखवला. मद्य वर्ज्य मानणाऱ्या आपल्या पंथबांधवांना प्रभुभोजनाच्या विधीत द्राक्षारसाऐवजी वापरता यावा, हा त्याचा उद्देश होता. पुढे त्याच्या मुलाने त्याचा व्यवसाय केला आणि १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तो रस हजारोंनी चाखला. विधीसाठी केलेली वस्तू अशी बाजाराची झाली.

आपल्या चर्चने मात्र या बाबतीत काय भूमिका घेतली, ती आठवावी. मिस्साबलिदानाचा द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षवेलीच्या फळाचा आणि न बिघडलेला असावा, असे १९८३च्या चर्च-कायद्यातील कलम ९२४ सांगते. त्यात परका पदार्थ मिसळलेला नसावा, असे २००४ साली पुन्हा बजावले गेले. आणि २०१७ साली रोमहून बिशपांना पत्र आले, की भाकर आणि द्राक्षारस आता सुपरमार्केटातून आणि इंटरनेटवरूनही विकले जातात, तेव्हा त्यांच्या शुद्धतेची खात्री करून घ्यावी. चषकात ओतल्या जाणाऱ्या काही थेंबांविषयी चर्च इतके काटेकोर आहे. ते द्राक्षारसाला केवळ बाटलीवरच्या चित्रावरून शुद्ध मानत नाही, तो कशापासून आणि कसा झाला हे विचारते. विधीची शुद्धता आणि पोटाचे पोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी जाणतो. तरी विचारण्याची सवय एकच आहे. वेदीवरच्या वस्तूची एवढी चौकशी करणारा समाज आपल्या मुलाच्या हातातल्या वस्तूची मुळीच चौकशी करीत नाही, ही विसंगती मला बोचते.

काय करावे

माझे मागणे फार नाही. खोका विकत घेताना तो उलटा करावा. दर्शनी बाजूवर जाहिरात असते, माहिती मागच्या बाजूला असते. तेथे चार गोष्टी पाहाव्यात. वस्तूचे कायदेशीर नाव ज्यूस आहे की ड्रिंक. फळाचा अंश किती टक्के. घटकांच्या यादीत पहिल्या तीन नावांत साखर आहे काय, कारण ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. आणि १०० मिलिलिटरमागे एकूण साखर किती. तो आकडा खोक्यातल्या मिलिलिटरने गुणावा, शंभराने भागावा आणि मग पाचाने भागावा, म्हणजे किती चमचे साखर पोटात जाणार ते कळेल. सहावीतल्या मुलाला हे गणित येते. किंबहुना त्यालाच ते करायला सांगावे. धर्मशिक्षणाच्या वर्गात एक रविवार यासाठी खर्च झाला तर तो वाया जाणार नाही, कारण शरीर हे देवाचे दान आहे असे आपण त्याच वर्गात शिकवतो.

धर्मग्रामाच्या कार्यक्रमांत मुलांना रसाचे खोके वाटणे बंद करावे, अशी माझी सर्व मंडळांना जाहीर विनंती आहे. केळे द्यावे, चिकूच्या दिवसांत डहाणू-घोलवडचा चिकू द्यावा, पेरूच्या दिवसांत पेरू द्यावा, जांभळाच्या दिवसांत बहाडोलीची जांभळे द्यावीत. डहाणू-घोलवडच्या चिकूला आणि बहाडोलीच्या जांभळाला सरकारने भौगोलिक मानांकन दिलेले आहे. ती आपल्या पालघर जिल्ह्याची फळे आहेत, आणि आपल्याच मुलांना त्यांची चव माहीत नसावी हे दुःखदायक आहे. तहान भागवायला पाणी, ताक किंवा बेताचे गोड लिंबू सरबत पुरते. सरबतातही साखर असते, हे उघड आहे. पण ती आपण आपल्या हाताने घालतो, म्हणून आपल्याला दिसते आणि आपल्याला कमीही करता येते.

खर्चाचे कारण कोणी पुढे करू नये. एका खोक्याच्या किमतीत मुलाच्या हातावर केळे ठेवता येते. अडचण पैशाची नाही, प्रतिष्ठेची आहे. केळे वाटले तर “एवढ्या मोठ्या सोहळ्याला केळी?” असे कोणी म्हणेल, याची भीती यजमानाला वाटते. ज्या मातीतल्या केळ्यांवर आपल्या आजोबांनी घरे बांधली आणि मुले शिकवली, त्या केळ्याची आपल्याला लाज वाटावी, इतके आपण श्रीमंत झालो आहोत काय?

आजाऱ्याकडे जाताना फळ न्यावे, त्याचा आहार विचारून न्यावे आणि शक्य तर ते स्वतः चिरून भरवावे. येत्या सणाच्या दिवशी आमच्या चर्चच्या मंडपात रसाचे खोके नसतील. केळ्यांचे घड टांगलेले असतील. ज्यांना ते कमीपणाचे वाटेल, त्यांनी मिस्सा संपल्यावर माझ्याशी जरूर वाद घालावा. मात्र वादाला येताना घरातला एक खोका बरोबर आणावा, म्हणजे त्याची मागची बाजू आपण दोघे मिळून वाचू.